अडीचशे सी. सी.चा संसार

मोटारसायकल विकत घेता येते. तिचे मालक मात्र व्हावे लागते. हा फरक मला पसरणी घाटाच्या उतारावर कळला, आणि तो कळेपर्यंत माझ्याबरोबर सौ.चाही जीव टांगणीला लागला होता.

गाडी होती जावा, अडीचशे सी. सी.ची. नाव ऐकून पुष्कळांना इंडोनेशियातले बेट आठवते. पण त्या बेटाशी हिचा काडीचाही संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातील कारखानदार फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल आपल्याकडे बनवायला घेतली आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून तिचे बारसे केले. आपल्याकडे ती म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात तयार होई. पुढे तिथल्याच गाड्यांना येझदी हे नाव मिळाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला.

मोपेडहून थोरली आणि साडेतीनशे सी. सी.च्या बुलेटहून धाकटी, अशी ही मधली बहीण. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन! किक आणि गिअर यांना मिळून दांडीही एकच, आणि तीही डाव्या पायाशी. आत दाबून मागे फिरवली की ती किक होते. गाडी सुरू झाली की पुन्हा पुढे येऊन गिअर होते. परक्या माणसाला हे ठाऊक नसते. त्यामुळे गाडी मागायला येणारे मित्र आपोआप कमी होतात, हा एक फायदाच!

परंतु खरी गोम इंजिनात आहे. बुलेटच्या इंजिनाला तेलाचा स्वतंत्र साठा असतो. जावाचे इंजिन टू-स्ट्रोक. तिच्या पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलमधूनच. दर लिटरमागे सुमारे ४० मिलिलिटर तेल मिसळावे लागते. मी ते नेमाने, मापाने मिसळत असे, आणि तेवढ्यावर स्वतःला मोठा जाणकार समजत असे.

१९८२ साली दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे पाचगणीहून वाईला उतरत होतो. उतारावर पेट्रोल कशाला जाळायचे, या हिशेबी विचाराने मी मूठ पूर्ण बंद केली आणि गाडी गिअरमध्येच सोडली. काही वळणे मोठ्या मजेत गेली. मग एकाएकी इंजिन गप्प झाले, मागचे चाक जागच्या जागी आवळले गेले आणि गाडी दरीच्या बाजूला घसरू लागली. डाव्या हाताने क्लच कसा दाबला गेला, देव जाणे. पण तो दाबताच चाक सुटले, गाडी सरळ झाली, आणि कशीबशी दरडीच्या कडेला उभी राहिली. सौ. काही बोलल्या नाहीत. ते अधिक भयंकर होते.

इंजिन निवल्यावर गाडी पुन्हा सुरू झाली. वाईला एका वृद्ध मिस्त्रींनी ती तपासली.

“साहेब, तेल घातलं होतं ना?”

“अगदी मापानं.”

“आणि घाटात मूठ बंद?”

“अर्थात! तेवढंच पेट्रोल वाचतं.”

“पेट्रोल वाचवलंत खरं,” मिस्त्री म्हणाले, “पण तेल त्यातूनच जातं ना! बिचारीला कोरडीच पळवलीत.”

कारण इतके साधे होते! मूठ बंद केली की पेट्रोल आटते, आणि त्याबरोबर वंगणही. चाके मात्र पिस्टनला पळवीतच राहतात. तेव्हा लांब उतारावर अधूनमधून क्लच दाबून मूठ जराशी पिळावी. म्हणजे चार थेंब तेल पोटात जाते. आणि इंजिन धरलेच, तर प्रथम क्लच.

त्या दिवसापासून मी गाडी ऐकायला लागलो. प्लग काढून पाहावा: तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम, काळा, ओलसर असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर इंजिन तापते आहे. सायलेन्सरमधली काजळी वेळच्या वेळी खरवडावी, नाहीतर चढावर गाडी धापा टाकते. यात विद्वत्ता काही नाही, लक्ष हवे.

२०१८ साली जावा हे नाव बाजारात परत आले. पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक, त्यांच्या पेट्रोलात तेल मिसळायचे नाही. गेल्या वर्षी माझा पुतण्या म्हणाला, “काका, मला तुमची जुनीच द्या.” मी लगेच किल्ली दिली नाही. शेजारी मी बसलो, आणि पसरणीचा घाट त्याला माझ्या मोटारीतून उतरायला लावला. प्रत्येक वळणावर विचारले, “आता काय करशील?” घाट संपेपर्यंत बिचारा पुरता वैतागला होता.

किल्ली त्याला वाईत दिली. पाठीमागे कोण बसणार आहे, हे मात्र त्याने अजून सांगितलेले नाही. म्हणूनच एवढा आग्रह.