चाळणीतून उतरणारा चेहरा

पावसाळ्यात महाडजवळच्या शिवथरघळीत, धबधब्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र घेतले तर चेहरा आपोआप मवाळ दिसतो. तुषार आणि धुके प्रकाश विखुरतात. काळे राखाडी होते, पांढरे मळते. पुष्कळ जण यालाच ‘सॉफ्ट फोकस’ समजतात. व्यक्तिचित्रणासाठी मुद्दाम घडविलेल्या जुन्या मृदू भिंगांची किमया मात्र निराळी आहे.

साध्या भिंगाच्या मध्यातून जाणारे किरण आणि कडेने जाणारे किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत. हा दोष म्हणजे गोलीय विपथन. तो घालविण्यासाठी भिंगकारांच्या पिढ्या झिजल्या. मृदू भिंगात तो जाणूनबुजून राखलेला असतो. मधले किरण पापण्यांचे केस रेखीव उमटवितात, कडेचे किरण त्यांवरच प्रकाशाचे पातळ वलय पसरवितात.

ऑस्ट्रियातील छायाचित्रकार हाइनरिश क्यून यांचा आग्रह आणि फ्रान्झ श्टेब्ले यांचे गणित यांतून ‘इमागॉन’ हे भिंग घडले. रोडेनश्टॉक कंपनीने ते १९३०च्या सुमारास बाजारात आणले. त्यात चक्क चाळणीसारखी चकती बसवीत. मधले भोक मोठे, भोवती लहान भोके. पुढे जपानच्या मामिया कंपनीने, १९७० मध्ये आलेल्या आपल्या ‘आरबी ६७’ कॅमेऱ्यासाठी १५० मिलिमीटर, एफ ४चे मृदू भिंग काढले, तेव्हा हीच युक्ती वापरली. सोबत वेगवेगळ्या चकत्या. चकती बदलली की रेखीवपणा आणि वलय यांचे प्रमाण बदलते. चकतीविना छिद्र लहान करीत नेले, तर मृदुता ओसरत जाते.

नवखा फसतो तो फोकस करताना. छिद्र बदलले की या भिंगाचा फोकसही किंचित सरकतो. म्हणून ज्या छिद्रावर छायाचित्र घ्यायचे, त्याच छिद्रावर फोकस साधावा लागतो. १२० फिल्मच्या रोलवर ६ बाय ७च्या जेमतेम दहा प्रतिमा मावतात. अंदाजपंचे काम परवडत नाही.

हे सारे एन्लार्जरखाली जाळी धरून का साधू नये? साधते, पण उलटे. कॅमेऱ्यात मृदुता आणली तर उजेड सावलीत झिरपतो आणि केसांभोवती तेज चढते. निगेटिव्हवरून छापताना आणली तर सावली उजेडात उतरते आणि गालांवर काजळी धरल्यासारखी दिसते. जुन्या कृष्णधवल चित्रपटांतील नायिकांचे चेहरे उजळलेले दिसतात, ते कॅमेऱ्यापुढेच मृदुता आणल्यामुळे.

आता ही भिंगे जुन्या बाजारातच मिळतात. कोकणच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि बुरशीचे जाळेही चित्र मवाळ करते, शिवथरच्या धुक्यासारखे. विक्रेत्याने ‘हीच तर याची मृदुता’ म्हटले, तरी छिद्र लहान करून पाहावे. चांगल्या भिंगाची प्रतिमा रेखीव होते, बुरशीचा पडदा बराचसा तसाच राहतो. चकत्याही मोजून घ्याव्यात. त्या हरवलेल्या असल्या, तर निम्मे भिंगच हाती आले म्हणायचे.