फळ्यापलीकडचं गणित (भाग ६) : हे वर्ग पाडले कुणी?

आयतालेख हा दहावीच्या सांख्यिकीतला हक्काच्या गुणांचा प्रश्न. वर्ग दिलेले, वारंवारता दिलेली. प्रमाण लिहायचं, एकमेकांना चिकटून आयत काढायचे, झालं. हे काम पेन्सिल आणि पट्टीने उत्तम होतं. तेवढ्यासाठी स्मार्ट बोर्ड सुरू करणं म्हणजे वीज फुकट घालवणं, असं माझं मत आहे. पडदा कामाला येतो तो पुस्तक सहसा न विचारणाऱ्या प्रश्नासाठी : हे वर्ग पाडले कुणी, आणि वेगळे पाडले असते तर?

मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात ज्याची सुरुवात केली, ते जिओजेब्रा शाळांना मोफत मिळतं आणि संगणकावर एकदा घेतलं की इंटरनेटवाचूनही चालतं. त्याच्या स्प्रेडशीटमध्ये आकडे भरून आयतालेख मागवला की वर्गांची संख्या स्लायडरने बदलता येते. कुठून सुरुवात करायची आणि वर्गांतर किती ठेवायचं, हेही आपल्याला ठरवता येतं.

आकडे मात्र खरे हवेत. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 'ओल्ड फेथफुल' नावाचं गरम पाण्याचं नैसर्गिक कारंजं आहे. दोन उद्रेकांमध्ये किती मिनिटं गेली, याच्या २७२ नोंदी 'आर' या संगणकप्रणालीसोबत तयार मिळतात. सर्वांत कमी ४३ मिनिटं, सर्वांत जास्त ९६, सरासरी सुमारे ७१.

४० पासून सुरुवात करून वर्गांतर २० ठेवा. तीन स्तंभ उभे राहतात आणि मधला सर्वांत उंच. पर्यटकाला साधारण किती थांबावं लागेल, असं विचारलं तर हे चित्र पाहून कुणीही सत्तरच्या आसपास म्हणेल. आता वर्गांतर ५ करायचं. पण त्याआधी प्रत्येकाला नवा आकार वहीत अंदाजाने काढायला लावा. ही पायरी गाळली तर स्लायडर हे नुसतं खेळणं होतं. वर्गांतर बदललं की मधोमध दरी पडते. एक टेकडी पंचावन्नच्या आसपास, दुसरी ऐंशीच्या. ६५ ते ७० च्या वर्गात जेमतेम काही नोंदी! मघाच्या उंच स्तंभाने दरी आणि दुसऱ्या टेकडीचा मोठा तुकडा एकत्र गिळला होता. नोंद एकही बदललेली नाही. वर्गांतर १ करून पाहा : चित्राचा कंगवा होतो आणि टेकड्यांच्या कडा दातेरी होतात.

दोन टेकड्या का, याचं उत्तर उद्रेक किती वेळ चालला यात आहे. दोनेक मिनिटांत आटोपला तर पुढचा लवकर येतो, चार मिनिटांहून जास्त चालला तर उशिरा. हा संबंध आयतालेखात दिसत नाही. त्यासाठी विकीर्ण आलेख लागतो, तो पुढच्या आठवड्यात.

तोवर घरून शाळेत यायला किती मिनिटं लागतात, हे वर्गातल्या प्रत्येकाकडून लिहून घ्या. चालत येणारे आणि एसटीने येणारे एकाच यादीत असू द्या. दोन टेकड्या दिसतीलच असं नाही. वर्गांतर ५, १० आणि २० ठेवून काय दिसतं ते मुलांनाच सांगू द्या.