हातांना काम, कामाला सोबत

बेघर माणसास छप्पर मिळाले की त्याचे पुनर्वसन झाले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु छपराखाली रिकामा बसलेला माणूस लवकरच पुन्हा रस्त्यावर येतो. या दृष्टीने दिल्लीनजीकच्या फरिदाबादची हकीकत मननीय आहे.

१९४७ च्या फाळणीत वायव्य सरहद्द प्रांतातून हजारो कुटुंबे परागंदा होऊन आली. १९४९ साली त्यांच्यासाठी फरिदाबाद येथे नवे नगर वसविण्याचे ठरले. त्यासाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते. श्रीमती कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये निघालेल्या ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन’चे कार्यकर्ते निर्वासितांत मिसळून काम करू लागले. श्री. लक्ष्मीचंद जैन त्यांपैकीच एक.

घरे ठेकेदाराने न बांधता, ज्यांना त्यांत राहावयाचे त्यांनीच बांधावीत, असा विचार पुढे आला. अनेकांचे आयुष्य दुकानदारीत गेलेले. थापी आणि ओळंबा त्यांनी कधी हाती धरला नव्हता. तरीही ते बांधकाम शिकले, सहकारी संस्था स्थापून कामे अंगावर घेऊ लागले. शिधा घेणारे हात मजुरी मिळवू लागले.

पुढे मात्र सरकारी धोरण पालटले आणि या सहकारी प्रयत्नाचा आधार सुटत गेला. त्याची खंत श्री. जैन यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नमूद केली आहे. शिकविणे एकदाचे असते, पाठीशी उभे राहणे मात्र दीर्घकाळचे असते, हाच यातील बोध होय.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक लोक बेघर आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक शहरांत होते. त्यांना शिवण, सुतारकाम वा स्वयंपाक शिकविता येईल. परंतु ओळखपत्र नाही, बँकेत खाते नाही, हत्यारे ठेवावयास जागा नाही, अशा माणसास प्रमाणपत्राचा उपयोग किती? कामावरचे पहिले काही महिने कसोटीचे असतात. मालकाशी बोलणे, वेळ पाळणे, मजुरीतून चार पैसे मागे टाकणे, या गोष्टींत एखाद्या जाणत्या माणसाची सोबत लागते.

हे कार्य केवळ शासनाचे नव्हे. निवृत्त कारागीर, शिक्षक, गृहिणी यांनी आठवड्यातील एक सायंकाळ जवळच्या रात्रनिवाऱ्यास दिली, तरी एखाद्या कुटुंबाची विस्कटलेली घडी पुन्हा बसू शकेल.