कनेक्शन एकाच्या नावावर, शिक्षा साऱ्या घराला

मागे आपण नेटच्या बिलावर बोललो, त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला. ‘चोरून सिनेमा उतरवला तर कंपनी आपलं नेट मुद्दाम हळू करते म्हणतात, ते खरं का?’ कुणाला हे भाच्याने सांगितलं होतं, कुणाला अमेरिकेतल्या लेकीने. लेकीचं चूक नाही. अमेरिकेत हे काही वर्षं खरोखरच चालू होतं. आपल्याकडे ते त्या रूपात आलं नाही. तरीही तिथली हकिगत ऐकण्यासारखी आहे, कारण कनेक्शन एकाच्या नावावर आणि वापरणारं सारं घर, ही गोष्ट तिथेही तशीच आणि इथेही तशीच.

आधी हे फाईल शेअरिंग म्हणजे काय ते पाहू. समजा, पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्याची पानं सुटी करून गावभर वाटली. कुणाकडे लोणच्याचं पान, कुणाकडे पुरणपोळीचं. ज्या घरी जे पान असेल त्याची नक्कल करून घ्यायची आणि आपल्याकडचं पान दुसरीला नक्कल करू द्यायचं. थोड्याच वेळात साऱ्या घरांत पूर्ण पुस्तक तयार. बिटटॉरंट नावाची पद्धत साधारण अशीच चालते. फाईल एका जागी नसते, तिचे तुकडे हजारो संगणकांवर असतात, आणि घेणारा प्रत्येक जण त्याच वेळी देणाराही असतो. या पद्धतीत बेकायदा काहीच नाही. स्वतःचं लिखाण किंवा फुकट वाटायला ठेवलेलं सॉफ्टवेअर अशा रीतीने खुशाल वाटता येतं. पुस्तक दुसऱ्याच्या हक्काचं असेल आणि त्याला न विचारता वाटलं, तर मात्र तो गुन्हा होतो.

आता पुस्तकाच्या मालकाला कसं कळणार? कोणाकडे कोणतं पान आहे याची यादी उघडी असते, नाहीतर लोक एकमेकांना शोधणार कसे? मग मालकाचा माणूसही त्या यादीत डोकावतो आणि घरांचे नंबर टिपून घेतो. नेटवर हा घरनंबर म्हणजे आयपी पत्ता. त्यावरून कंपनी कोणती हे कळतं, गिऱ्हाईक कोण हे फक्त कंपनीला ठाऊक असतं. म्हणून चित्रपट आणि संगीताच्या कंपन्यांना नेट देणाऱ्या कंपन्यांची मदत लागते.

जुलै २०११मध्ये अमेरिकेत या दोन बाजूंचा करार झाला. एकीकडे तिथल्या चित्रपट आणि ध्वनिमुद्रण उद्योगांच्या संघटना, दुसरीकडे एटीअँडटी, केबलव्हिजन, कॉमकास्ट, टाइम वॉर्नर केबल आणि व्हेरायझन या पाच कंपन्या. संसदेने यासाठी वेगळा कायदा केलेला नव्हता, हा कंपन्यांचा आपसातला करार होता, हे ध्यानात ठेवा. फेब्रुवारी २०१३मध्ये तो अंमलात आला. गिऱ्हाइकाला सहापर्यंत सूचना जायच्या. पहिल्या दोन समजावणीच्या. पुढच्या दोन वाचल्याची कबुली द्यायला लावणाऱ्या. पाचव्या आणि सहाव्या सूचनेनंतर कारवाई. ती प्रत्येक कंपनीची वेगळी होती. कुणी पडद्यावर सूचना आणून ठेवायचं आणि ती सहज जायची नाही. व्हेरायझनने वेग उतरवायचं ठरवलं होतं, दोन-तीन दिवस २५६ केबीपीएस.

हा २५६चा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही, म्हणून आम्ही हिशेब मांडला. या वेगाने पाच एमबीचा एक फोटो यायला पावणेतीन मिनिटांच्या आसपास लागतात. सातशे एमबीच्या सिनेमाला सहा तासांहून जास्त. पत्र येतं, मजकुराचं पान उघडतं, पण मुलांचा ऑनलाइन वर्ग चालत नाही, डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येत नाही, घरून काम करणारीचं काम अडतं. नेट तोडलं असा आरडाओरडा होऊ नये, पण जाच व्हावा, असा हा मधला मार्ग. (जाता जाता सांगतो. आपल्याकडे मोबाइलचा दिवसाचा डेटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे तिकडे जी शिक्षा होती, तिच्या चौथ्या हिश्शात आपण रोज संध्याकाळी गुपचूप बसतो.)

एवढ्याने भागलं असतं तर आम्ही हा विषय घेतला नसता. खरी अडचण पुढे आहे. सूचना जायची ती नंबरावर, माणसावर नाही. लाइटचं मीटर सासऱ्यांच्या नावावर असतं म्हणून गिझर कुणी चालू ठेवला ते मीटरला कळत नाही. तसंच हे. घरात पाच माणसं, वरच्या खोलीत भाडेकरू, सुट्टीला आलेली पुतणी, पासवर्ड मागून नेलेला शेजारचा मुलगा, सगळ्यांचा घरनंबर एकच.

आणि नंबर तरी बरोबर असतो का? २००८ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच तपासलं. त्यांनी मुद्दामच असं काही केलं, की फाईल वाटणाऱ्यांच्या यादीत विद्यापीठातल्या प्रिंटरचे पत्ते दिसावेत. आणि प्रिंटरच्या नावाने खरोखरच तक्रारी आल्या! कागद छापण्यापलीकडे काही न करणाऱ्या यंत्रावर सिनेमा वाटल्याचा आरोप. यादीत नाव दिसलं एवढ्यावर तक्रार जात होती, तुकडा प्रत्यक्ष घेऊन खात्री करण्याचे कष्ट कुणी घेतले नव्हते. नंतरच्या योजनेत पडताळणीचे नियम जास्त कडक होते, हेही सांगायला हवं.

मग ज्याने केलं नाही त्याने काय करायचं? दाद मागायची सोय होती, पण ती कारवाईची पाळी आल्यावर, आणि त्यासाठी आधी ३५ डॉलर भरायचे. जिंकलात तर परत. दाद कोणत्या कारणांसाठी मागता येईल तेही आधीच ठरलेलं. खातं माझं नव्हे, माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्याने नेट वापरलं, मला त्या फाईलचा हक्क होता, अशी सहा कारणं. त्यात एक असंही होतं, की मूळ कृती १९२३च्या आधी प्रसिद्ध झालेली आहे. ‘दुसऱ्याने वापरलं’ हे कारण साधारणपणे एकदाच चालायचं. पुन्हा तसं झालं तर वायफाय सांभाळणं ही तुमची जबाबदारी. थोडक्यात, कोर्टात आरोप करणाऱ्याला सिद्ध करावं लागतं, इथे आपण निर्दोष आहोत हे गिऱ्हाइकाने पैसे भरून सिद्ध करायचं.

२०१३ अखेरपर्यंत तेरा लाखांहून जास्त सूचना गेल्या. दाद मागितली फक्त २६५ जणांनी, त्यातल्या ४७ जणांचं म्हणणं मान्य झालं. योजना चालवणारे म्हणाले, बघा, तक्रारी किती थोड्या. आम्हाला यातून एवढंच कळतं, की दोन-तीन दिवसांच्या मंद नेटसाठी ३५ डॉलर भरून भांडायला कुणी सहसा जात नाही. गप्प बसलेले सगळे दोषी होते, असं त्यातून निघत नाही.

फ्रान्सने याहून कडक वाट धरली होती. २००९च्या कायद्यात दोन इशाऱ्यांनंतर नेट तोडण्याचीच तरतूद होती, तीही एका सरकारी मंडळाच्या हाती. तिथल्या घटना परिषदेने त्याच वर्षी जूनमध्ये ती अडवली. आज विचार मांडायचे तर नेट लागतं, म्हणून ते तोडायचा निर्णय न्यायाधीशानेच घ्यावा, असा त्या निर्णयाचा गाभा. कायदा दुरुस्त होऊन पुन्हा आला. २०१२मध्ये त्याखाली पहिली शिक्षा झाली ती बेल्फोर भागातल्या एका कारागिराला, दीडशे युरो दंड. गाणी आपण नव्हे, तर विभक्त होत असलेल्या बायकोने उतरवली, असं तो सांगत होता. पण कनेक्शन त्याच्या नावावर होतं, आणि गुन्हा गाणी उतरवण्याचा नव्हताच. आपलं कनेक्शन नीट सांभाळलं नाही, हा गुन्हा होता. नेट तोडण्याची शिक्षा २०१३च्या जुलैत फ्रान्सने रद्दच केली.

एक गोष्ट आम्हाला स्पष्ट म्हणायची आहे. कलावंताचं नुकसान खोटं नाही. मराठी चित्रपट थिएटरात लागतो न लागतो तोच त्याची चोरटी प्रत मोबाइलवरून फिरायला लागते, आणि आपल्यातल्याही काही जणी ती पुढे पाठवतात. कर्ज काढून चित्रपट करणाऱ्याचे दिवस त्यात बुडतात. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून केलेल्या अशा चोरीला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगितला आहे. पण त्यासाठी कोर्ट आहे, पुरावा आहे, आरोपीला वकील आहे. महिन्याचं बिल घेणाऱ्या कंपनीने न्यायाधीश व्हावं का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

अमेरिकेतली ती योजना जानेवारी २०१७मध्ये बंद झाली. बंद करताना चित्रपट संघटनेकडून सांगितलं गेलं, की वारंवार चोरी करणाऱ्या निर्ढावलेल्यांपुढे ती अपुरी पडली. सहावी सूचना झाली की पुढे काय, याचं उत्तरच तिच्यात नव्हतं. मुरलेला माणूस व्हीपीएन वापरून आपला घरनंबर झाकतो, त्याला सूचना जातच नाही. सापडतो तो ज्याला यातलं काही कळत नाही तो, किंवा त्याची आई.

आता आपल्याकडचं. गिऱ्हाइकाला ओळीने इशारे देऊन वेग उतरवण्याची अशी योजना भारतात नाही. इथे कोर्टाच्या हुकमाने संकेतस्थळं बंद होतात. जुलै २०११मध्ये ‘सिंघम’ यायच्या तोंडावर निर्मात्यांनी दिल्ली उच्च न्यायालयातून अज्ञात चोरांविरुद्ध हुकूम आणला. अशा अज्ञात माणसाला आपल्या कोर्टांच्या बोलीत ‘अशोक कुमार’ म्हणतात, ही एक गंमतच. तो हुकूम दाखवून फाईली ठेवण्याची आख्खी संकेतस्थळं बंद केली गेली आणि ज्यांनी तिथे स्वतःच्या फाईली ठेवल्या होत्या तेही अडकले. पुढच्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने एका तमिळ चित्रपटाच्या बाबतीत स्पष्ट केलं, की चोरीचा मजकूर ज्या नेमक्या पत्त्यावर आहे तेवढाच बंद करा, सारं संकेतस्थळ नको.

वेगाबद्दल सांगायचं तर, जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारने ट्रायच्या नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी मान्य केल्या. कंपनीने मजकूर पाहून एकाला वाट मोकळी आणि दुसऱ्याची अडवणूक असं करू नये, हे त्यातलं मुख्य सूत्र. कोर्टाचा हुकूम आणि गर्दीच्या वेळची वाजवी व्यवस्था हे त्याला अपवाद. २०१९मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्याहून घरगुती प्रश्नावर निकाल दिला. कोझिकोडच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी मोबाइलबंदी होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला बाहेर काढलं होतं. नेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं म्हणून कोर्टाने तिला परत घ्यायला लावलं.

तेव्हा महिनाअखेरीला घरचं नेट रेंगाळलं, तर मुलावर संशय घेण्याआधी बिल काढून बघा. बहुतेक वेळा ठरावीक जीबी संपलेले असतात, आणि त्यानंतरचा वेग प्लॅनच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. जीबी शिल्लक असूनही वेग नसेल, तर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर मागून घ्या. त्यावर काही झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. आणि केबलवाल्याने राउटर बसवताना ठेवलेला पासवर्ड अजून तोच असेल, तर तो आज बदला. नवा पासवर्ड फ्रीजवर चिकटवू नका. तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे केंद्राच्या फोनवर कळवा.