एक पोर, दोन बाप आणि नाताळ

'सावत्र' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते, सांगा बरे? सावत्र आई. ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उठवणारी सुरुची आपण लहानपणीच ऐकलेली असते. सावत्र बाप मात्र आपल्या कथांतून फारसा भेटत नाही. 'सापत्नभाव' हा शब्दच मुळी सपत्नी, म्हणजे सवत, हिच्यावरून आलेला. त्यात पुरुषाला जागा कुठली?

इंग्रजीत मात्र 'स्टेपफादर' हा शब्द फार जुना आहे. त्यातल्या 'स्टेप'चा पायरीशी किंवा पावलाशी काही संबंध नाही बरे का! जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'पोरके'. पोरक्या झालेल्या मुलाचा बाप तो स्टेपफादर. म्हणजे हा मनुष्य घरात यायचा तो पहिला बाप वारल्यानंतर. त्याला स्पर्धा करायची झालीच तर ती एका आठवणीशी, आणि आठवण काही दाराची घंटा वाजवीत नाही.

आता ती वाजते. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 1970 पासून कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला आणि पुढे इतर राज्यांनीही तसे कायदे केले. घटस्फोट वाढले, त्यामागून पुनर्विवाह आले. शब्द तोच राहिला, पण मूल पोरके राहिले नाही. त्याचा बाप जिवंत आहे, त्याच गावात राहतो आहे आणि 25 डिसेंबरला पोराला काय द्यावे या विवंचनेत आहे. इकडे आईचा नवा नवराही त्याच विवंचनेत!

भांडण नाताळातच का पेटते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपली दिवाळी चार-पाच दिवसांची. पाडवा इकडे, भाऊबीज तिकडे, असे भागवता येते. नाताळची सकाळ एकच. झाडाखालची खोकी पोर उघडते तो क्षण एकच, आणि तो दोन घरांत वाटता येत नाही. मग कायदा वर्षे वाटतो. टेक्सास राज्याच्या कायद्यात यासाठी ठरावीक वेळापत्रकच आहे. मूल एरवी ज्याच्याकडे राहत नाही त्या पालकाला, बहुधा बापाला, सम सालात शाळा सुटल्यापासून 28 डिसेंबरच्या दुपारी बारापर्यंत मूल मिळते. विषम सालात हाच काळ दुसऱ्या पालकाचा आणि उरलेली सुट्टी पहिल्याची. आई-बापांनी आपसांत वेगळे काही ठरवले नाही, तर साधारणपणे हेच. घड्याळ लावून वाटलेली माया म्हणा ना! हसू नये. आपल्याकडेही कुटुंब न्यायालये दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी अशीच निम्मी-निम्मी वाटून देतात.

या वाटणीत सावत्र बापाचे नाव कुठे येते? बहुधा येतच नाही. आपल्या 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात तर स्पष्टच म्हटले आहे, की 'पिता' या शब्दात सावत्र पिता येत नाही. अँड्र्यू चेर्लिन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1978 साली पुनर्विवाहाला 'अपुरी संस्था' म्हटले, ते याच अर्थाने. नाते आहे, पण त्याला धड नाव नाही आणि रीतही नाही. ज्याला रीत नाही तो माणूस मग खेळणी विकत आणतो. मला याचे फारसे नवल वाटत नाही.

1994 साली 'द सान्टा क्लॉज' नावाचा एक अमेरिकन बोलपट आला. त्यातला घटस्फोटित बाप चक्क सान्टाच होतो. सावत्र बाप आहे मानसोपचारतज्ज्ञ. तो बिचारा शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. सान्टापुढे शहाणपण टिकायचे कसे? चित्र विनोदी आहे, पण शेवटी तोच बाप या सावत्र बापाला, त्याच्या लहानपणी नाताळात न मिळालेली एक शिटी देतो. तेवढ्या एका जागी लेखकाला खरी नस सापडली आहे असे मला वाटते. चढाओढ करणारे हे दोघेही कधी काळी पोरेच होती.

पण पोराचे काय? माझा एक जुना विद्यार्थी टेक्सासमध्ये असतो. त्याने एका घटस्फोटित बाईशी लग्न केले. तिला आठ वर्षांचा मुलगा. मुलगा याला नावानेच हाक मारतो. प्रथम याला ते खटकले, मग सवय झाली. एका विषम सालच्या नाताळात याने त्याला दुर्बीण आणली, चांगली महागातली. मुलाचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्याने ती होती तशी खोक्यात भरली आणि आईला हळूच म्हणाला, "बाबांनी विचारलं तर मी सांगेन, काही विशेष नाही मिळालं."

"सर," विद्यार्थ्याने पत्रात लिहिले, "मी दुर्बीण आणली ती त्याच्यासाठी की त्याच्या बापासाठी, हेच मला कळेना."

आठ वर्षांचे पोर आपल्या बापाचे मन राखण्यासाठी खोटे बोलायची तयारी करते, आणि दोन मोठी माणसे मात्र किमतीच्या चिठ्ठ्या पाहत असतात! पोराला दोन्ही माणसे हवी असतात. एकाकडे आनंद झाला तर दुसऱ्याशी आपण बेइमानी केली, असे त्याला वाटते. ते आनंद गिळून टाकते. मोठ्यांना वाटते, पोराला कौतुक नाही.

28 तारखेला दुपारी बारा वाजता बापाची मोटार दाराशी आली. माझ्या विद्यार्थ्याने ते खोके स्वतः उचलून डिकीत ठेवले आणि बापाला म्हणाला, "हिचे पाय कसे जोडायचे ते मला नीट जमलेलं नाही. तुम्ही दोघे बघा." थाप होती ती. मुलगा दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत उभा होता. बापाने डिकी लावली, थोडा घुटमळला, आणि विचारले, "हिच्यातून शनीची कडी दिसतात का हो?"

त्यावर उत्तर पोरानेच दिले. मोटार वळणापर्यंत जाईतो ते देतच होते म्हणे.