‘कॉम्प्रेशन वाढविणे’ : एक प्रयोग, दोन अर्थ

भिवंडीतील निजामपुऱ्यात, किंबहुना मुंबई–आग्रा रस्त्यालगत कोठेही, इंजिन दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडी ‘कॉम्प्रेशन’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. ‘कॉम्प्रेशन उतरले’ म्हणताना त्याच्या मनात मापकावर दिसणारा दाब असतो. ‘कॉम्प्रेशन वाढविले’ म्हणताना अनेकदा संपीडन-गुणोत्तर अभिप्रेत असते. पहिली गोष्ट इंजिनाची प्रकृती होय, दुसरी त्याची रचना. या दोहोंची गल्लत झाली, तर गाडीवर पोट असणाऱ्याचे इंजिन हकनाक खर्ची पडते.

गुणोत्तराची व्याख्या सोपी आहे. दट्ट्या तळाशी असतानाचे सिलिंडरमधील एकूण घनफळ, भागिले दट्ट्या माथ्याशी असताना उरणारे घनफळ. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घेऊ. तिच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. म्हणजे एका सिलिंडरचे कार्यघनफळ सुमारे २७२ घनसेंटिमीटर. उदाहरणापुरते गुणोत्तर ७.३ मानले, तर माथ्याशी उरणारी जागा सुमारे ४३ घनसेंटिमीटर येते. गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरने पातळ घेतल्यास त्यातून जवळजवळ १.८ घनसेंटिमीटर जागा कमी होते व गुणोत्तर ७.६ च्या आसपास पोहोचते. हेड घासून (कारखान्याच्या भाषेत ‘फेसिंग’ करून) तेवढेच साधावयाचे, तर किंचित अधिक धातू काढावा लागतो. कारण हेडमधील ज्वलनकक्षाचे तोंड बहुधा सिलिंडरच्या तोंडाहून लहान असते.

लाभ किती? आदर्श ऑटो-चक्राच्या गणिताने ७.३ वरून ८.३ वर गेल्यास कार्यक्षमता ५५ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांपर्यंत जाते. प्रत्यक्षात हे आकडे बरेच खाली असतात आणि पुढील प्रत्येक पायरीवर मिळकत घटत जाते. उलट ठोक्याचे भय मात्र वाढतच राहते. ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते, तो हा ठोका. पातळ गॅस्केटने दट्ट्या व हेड यांतील फट अरुंद झाल्यास मिश्रण ढवळले जाऊन ठोक्याला काहीसा अटकावही होतो. जाड गॅस्केट ठेवून केवळ हेड घासल्यास हा फायदा हाती लागत नाही. तथापि फट फार अरुंद झाली, तर तापलेला दट्ट्या हेडवर आदळतो. शिवाय पद्मिनीसारख्या, ढकलदांड्यांनी झडपा हलविणाऱ्या इंजिनात हेड खाली आले की झडपांचे अंतर पुन्हा जुळवावे लागते. घासलेला धातू परत येत नाही. गॅस्केट बदलता येते. म्हणून आधी गॅस्केटचा विचार करणे शहाणपणाचे.

मापकावरील दाब कमी आढळला, तर मात्र हेडला हातही लावू नये. स्पार्क प्लगच्या छिद्रातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब चढला तर दोष बहुधा रिंगांचा वा सिलिंडरच्या झिजेचा. चढला नाही तर झडपांचा किंवा फुटलेल्या गॅस्केटचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब सारखाच उतरलेला असेल, तर संशय प्रथम त्या दोहोंमधील गॅस्केटच्या पट्टीवर घ्यावा.