मेळाव्यांतील टेबलाची पलीकडली बाजू

हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारांत बैलजोडी घेण्यास आलेला शेतकरी प्रथम दांत पाहतो, मग खूर पाहतो, मग चालवून पाहतो. बैलास मात्र धन्याची परीक्षा करण्याची सोय नसते. महाविद्यालयांतून अलीकडे जे रोजगार मेळावे भरतात, तेथेंहि पुष्कळदां असाच एकतर्फी प्रकार चालतो. तरुण मुलें-मुली प्रमाणपत्रांची फाईल कांखेंत धरून रांगेंत उभीं राहतात. टेबलामागील गृहस्थ त्यांची पारख करतात, आणि त्या गृहस्थांची पारख कोणीच करीत नाहीं. वस्तुतः मेळावा ही दोन्ही पक्षांची परीक्षा आहे. नोकरी देणारानें आपला अभ्यास कितपत केला आहे, हें त्याच्या टेबलावरून कळतें. म्हणून त्या टेबलाच्या तयारीविषयीं येथें थोडें लिहिण्याचें योजिलें आहे. आमचे विद्यार्थिमित्र पांचसात वर्षांनीं या टेबलासमोर उभे राहतील. आणि ज्या पालकांच्या डाळीच्या गिरण्या, दुकानें वा कारखाने आहेत, त्यांस तर उद्यांच पलीकडे बसण्याचा प्रसंग येईल.

उदगिरास या गोष्टीचें अगत्य अधिक आहे. २०२२ च्या एप्रिलांत ज्याच्या प्रांगणांत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, तें उदयगिरी महाविद्यालय येथें आहे. १९८७ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तरीहि शिकून बाहेर पडलेला तरुण प्रथम चौकशी करतो ती पुण्याच्या किंवा हैदराबादच्या गाडीची. शासनातर्फे मेळावे भरतात. २०२४ सालीं लातुरासहि मोठा मेळावा भरला होता. परंतु असले मेळावे मोठ्या कंपन्यांसाठीं, आपण काय तेथें बसावें, अशी आमच्या इकडील व्यापाऱ्यांची समजूत असते. ती सोडून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

पहिली तयारी टेबलाची नव्हे, घरची. मालकानें व मुनिमानें एकत्र बसून ठरवावें कीं, जागा किती, काम कोणतें, कोठें, किती तासांचें आणि पगार काय. ‘चांगला मनुष्य भेटला तर पाहूं,’ ही जागा नव्हे, ती इच्छा झाली. ज्याच्याकडे एकहि जागा रिकामी नाहीं, त्यानें केवळ नांव गाजविण्याकरितां टेबल मांडूं नये. जळकोट-देवणीकडील खेड्यांतून येणाऱ्या मुलाचें एस. टी. चें भाडें आणि एका दिवसाची मजुरी त्या फलकापायीं फुकट जाते.

पगाराची गोष्ट नाजूक, म्हणून पुष्कळजण ती पुढें ढकलतात. आमच्या मतें हाच मोठा दोष होय. पगार फलकावर, मराठींत, ठळक अक्षरांनीं लिहावा, आणि हातीं पडेल तेवढाच लिहावा. समजा, मूळ पगार १५,००० रुपये आहे. त्यांतून भविष्यनिर्वाह निधीकडे शेंकडा १२, म्हणजे १,८०० रुपये, कापून गेल्यास हातीं १३,२०० उरतात. इतर कपाती असल्यास त्याहूनहि कमी. कांहीं कंपन्या मालकानें भरावयाचा हिस्साहि मिळवून वर्षाचा मोठा आंकडा सांगतात, आणि ऐकणारा बाप त्यास बारांनीं भागून मनांतल्या मनांत घर बांधतो. पुण्यास खोलीचें भाडें व खानावळ त्याच पगारांतून द्यावयाची आहे, हा हिशेब त्याला मागाहून कळतो. कापलेला निधी बुडत नाहीं, मुलाच्याच नांवावर सांठतो, हें खरें. परंतु तें समजावून सांगणें हेंहि टेबलामागील मनुष्याचेंच काम आहे.

तीच गोष्ट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या कायद्यान्वयें उमेदवारास विद्यावेतन मिळतें व हाताला काम लागून तो शिकतो. परंतु मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच, असें नाहीं. वर मोठ्या अक्षरांत ‘नोकरी’ आणि खालीं बारीक अक्षरांत ‘शिकाऊ’ असें लिहिणें, ही लबाडी होय.

आतां प्रत्यक्ष टेबल. रंगीत पडदे व चॉकलेटें यांचा खर्च लहान धंदेवाल्यानें करूं नये. त्याच्यापाशीं त्याहून चांगली वस्तु असते. डाळगिरणीवाल्यानें सहा वाट्या मांडाव्या. एकींत निवडलेली अख्खी तूर, दुसरींत रुळाखालून जाऊन सालीवर ओरखडे पडलेली, तिसरींत तेलपाणी लावून वाळविलेली, चवथींत तयार डाळ, पांचवींत चुणी, सहावींत टरफल. शेजारीं ओलावा मोजण्याचें यंत्र ठेवावें. एखादी वाणिज्य शाखेची मुलगी विचारील, ‘एका क्विंटलाची डाळ किती होते, आणि चुणींत किती जातें?’ चुणी गुरांच्या खाद्यांत जाते व डाळीहून पुष्कळ स्वस्त विकते, म्हणून गिरणीचा नफातोटा याच प्रश्नांत आहे. ज्या मुलीनें तो विचारला, तिची निम्मी मुलाखत तेथेंच झाली. आणि गिरणींत केवळ हमालच लागतात असें नव्हे; मोटारी सांभाळणारा तंत्रज्ञ, माल तपासणारा व जीएसटीचे हिशेब ठेवणारा हेहि लागतात, हें त्या सहा वाट्यांवरून मुलांस उमगतें.

टेबलावर कोणास बसवावें? मालकाचा मेहुणा त्या दिवशीं मोकळा आहे, एवढ्यावरून त्यास बसवूं नये. जो प्रत्यक्ष काम करवून घेतो तो असावा, आणि त्याच्या जोडीस दुसरा, म्हणजे जेवणाच्या वेळीं टेबल ओस पडत नाहीं. खुर्च्या दोन्ही बाजूंस मांडाव्या. मुलीबरोबर आलेला बाप परतीच्या गाडीची वेळ व राहण्याची सोय विचारील, त्यास हंसूं नये. मूळ प्रमाणपत्रें ठेवून घेऊं नयेत, आणि नोंदणी म्हणून एक रुपयाहि घेऊं नये. पालकांनींहि तो मागणाऱ्या टेबलावरून मुलांस तत्काळ उठवावें.

शेवटची तयारी मेळावा उठल्यानंतरची आहे, आणि तीच बहुधा राहून जाते. आमचा एक माजी विद्यार्थी अशा एका मेळाव्यास गेला होता. एका कंपनीच्या मनुष्यानें मुलाखत घेऊन ‘कळवूं’ म्हणून सांगितलें. त्या भरंवशावर त्यानें गांवांतील दुकानाचें काम सोडलें. पुढें तीन महिने त्याची आई आम्हांस वाटेंत थांबवून विचारी, ‘सर, फोन कधी यायचा हो?’ एकदां ती म्हणाली, ‘नाही म्हणाले असते तरी चाललं असतं.’

याकरितां प्रत्येक उमेदवाराच्या हातीं एक चिठ्ठी द्यावी. तिजवर अमुक तारखेपर्यंत होय किंवा नाहीं कळवूं असें लिहावें, व कळविणाऱ्याचें नांव आणि फोन घालावा. टेबल आवरण्यापूर्वींच अर्जांचे तीन गट करावे: घेण्याचे, पुन्हां बोलाविण्याचे आणि न घेण्याचे. न घेण्याच्या अर्जावर त्याच वेळीं कारण टिपून ठेवावें, कारण दोन दिवसांनीं चेहरा आठवत नाहीं. नकाराचे फोन आधीं करावे, म्हणजे त्या मुलांस दुसरीकडे जाण्यास आठवडा तरी हातीं राहतो.